दायनी गल्ली

ती म्हातारी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून प्रेतं काढली. त्यातलं बरंचसं विसरलो. ही तर साधी हरवलेल्या बाईची बाब, पेपरात दोन ओळीही आल्या नाहीत. पण विसरता येत नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. माझंही नाही.

मी सातवी पास. यावल तालुक्यातल्या केळीवाल्याचा पोरगा. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून बाहेर पडलो, ते कुणाच्या चिठ्ठीवर नाही. भरती झालो तेव्हा मला ळ म्हणता येत नव्हता. आमच्याकडे ळ नाहीच. केळीला केयी, डोळ्याला डोया, जळगावला जयगाव. प्रशिक्षण केंद्रात उस्ताद मला मुद्दाम पुढे उभं करायचा. "हां केयीवाले, जिल्ह्याचं नाव सांग!" सगळी रांग हसायची. मी हट्टाला पेटलो. बराकीच्या मागे जाऊन काळा, पिवळा, निळा घोकायचो. जीभ वळवली म्हणजे वळवलीच. पुढे ठाण्यात माझ्यासारखा जबाब लिहिणारा दुसरा नव्हता. फिर्यादी कोणत्याही बोलीत सांगो, कागदावर शुद्धच उतरायचं. एक साहेब तर म्हणायचे, बी.ए. झालेल्यांपेक्षा याचा जबाब बरा. मला त्याचा गर्व होता. आजही थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. एका सकाळी जळगावच्या बसस्थानकाबाहेरच्या चहावाल्याचा फोन आला. "साहेब, एक म्हातारी कालपासून फलाटावर बसलीय. कुठलीही गाडी लागली की उठून दाराशी जाते, परत येऊन बसते. अंगात तापही दिसतो." ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मला पाठवलं. सोबत महिला शिपाई होती. साक्रीकडची पोरगी, नोकरीत नवीन, तोंडाने फटकळ.

म्हातारी लहानखुरी होती. पांढरं पातळ, गळ्यात काही नाही, हातात पिशवी नाही, आधारकार्ड नाही. डोळ्यांनी तिला कमी दिसत होतं. माझ्याशी बोलताना ती माझ्या खांद्याकडे बघत होती. ठाण्यात आणून चहा पाजला आणि विचारायला बसलो.

"अक्का, नाव काय तुमचं?"

"बठ्ठा अक्काच म्हंतस." बठ्ठा म्हणजे सगळे.

"नवऱ्याचं?"

ती लाजून हसली. त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे नेहमीचंच.

"गाव कोणतं?"

"गाव म्हंजे आपलं गाव."

वयाने बऱ्याच गोष्टी तिच्या हातून सुटल्या होत्या. पण जायचं कुठे, हे विचारल्यावर ती एकदम ताठ बसली. "माले दायनी गल्लीमा सोडी दे भाऊ. निया दरवाजानं घर शे."

मी लिहिलं : डाळ गल्ली, निळ्या दरवाजाचं घर.

यात विचार करण्यासारखं मला काही वाटलं नाही. निया म्हणजे निळा, तसं दायनी म्हणजे दाळीची, डाळीची. बोलणारा य म्हणतो, लिहिणाऱ्याने ळ करायचा. आयुष्यभर तेच केलं होतं.

शिपाई पोरगी कागदाकडे बघत होती. म्हणाली, "नाना, आमच्याकडे दाय म्हणजे दाई पण होतं. बाळंतपण करणारी. म्हातारी माणसं दाईला दायच म्हणतात."

"मला शिकवू नको. तुझ्या जन्माच्या आधीपासून जबाब लिहितोय."

"तसं नाही नाना, एकदा विचारून तर बघा तिला."

"काय विचारू? खायची दाय का बाळंतपणाची दाय?"

ठाण्यातले दोघे-तिघे हसले. तिच्यावरच हसले. एकजण म्हणाला, "बाई, तुम्ही वरण जरा कमी खात जा." मीही हसलो, आणि म्हातारीला विचारलं नाही. ती तीन हातांवर बसलेली होती.

तिला सरकारी दवाखान्यात दाखल केलं आणि मी शोधाला लागलो. जळगावात डाळीच्या गिरण्यांना तोटा नाही. एकेका गिरणीच्या मागची वस्ती पाहिली. हमालांना फोटो दाखवला, पिठाच्या गिरणीवाल्यांना दाखवला. एक मुनीम म्हणाला, "साहेब, डाळ म्हणाल ती काढून देतो. तूर आहे, मूग आहे, हरभरा आहे. गल्ली तेवढी आमच्याकडे नाही." जुन्या बाजारात डाळवाल्यांची एक ओळ होती, तिथे निळे दरवाजे तीन निघाले. तिन्ही घरांत म्हातारीला कुणी ओळखलं नाही. मग बिनतारी संदेश केला, जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या ठाण्यांना. डाळ गल्ली नावाचा भाग आपल्या हद्दीत असल्यास कळवावे. सगळीकडून एकच उत्तर, निरंक.

हरवलेल्यांच्या याद्याही मागवल्या. धुळ्याच्या यादीवर मी पत्त्यांच्या रकान्यावरून बोट खाली नेत गेलो. डाळ कुठेच नव्हती. यादी फाईलला लावली.

दवाखान्यात रोज चक्कर असायची. ती विचारायची, "सापडनी का रे गल्ली?" मी म्हणायचो, "सापडेल अक्का, शोध चालू आहे." पाचव्या दिवशी तिने विचारलं नाही. ताप छातीत उतरला होता. आठव्या दिवशी ती गेली.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, फोटो, बोटांचे ठसे. शवागारात ठेवायचे तेवढे दिवस ठेवलं. कुणी आलं नाही, म्हणून बेवारस म्हणून दफन केलं. खड्ड्याशी मी, शिपाई पोरगी आणि दोन सफाई कामगार, एवढीच माणसं होतो. अहवालात मी लिहिलं : सदर महिला वृद्धापकाळामुळे स्वतःचा पत्ता सांगू शकत नव्हती. अक्षर माझं नेहमीसारखंच आलं.

त्यानंतर आठवड्याने राहिलेले कागद आणायला दवाखान्यात गेलो. बायकांच्या वॉर्डातली सिस्टर ओळखीची झाली होती. म्हणाली, "तुमच्या अक्कांचं कुणी भेटलं का हो? फार हुशार बाई. शेजारच्या खाटेवर एक गरोदर बाई होती, तापाची. पोट दुखतं म्हणून कण्हत होती. अक्का उठून गेल्या, पोटावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, पोऱ्या आडवा शे, डॉक्टरले सांग. सोनोग्राफीत तेच निघालं. आमचे डॉक्टर म्हणाले, ही म्हातारी नक्की दाई असणार."

मी कागद न घेताच बाहेर आलो. जिन्याच्या पायरीवर बसलो. मग ठाण्यात जाऊन त्या पोरीला सांगितलं, "तुझ्याकडे फोन लाव. दाईची गल्ली विचार." तिने मान वर केली नाही. ओळखीच्यांना फोन लावत गेली. चौथा फोन पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावातल्या निवृत्त पोस्टमनला लागला. तिने फोन माझ्या हातात दिला.

"दायनी गल्ली?" तो खूश झाला. "अहो, किती वर्षांनी ऐकलं हे नाव! आता समता नगर म्हणतात तिला. ठराव झाला, पाटी लागली. चांगलं झालं. पण जुनी माणसं दायनी गल्लीच म्हणायची. अक्काची सासू दाई, मग अक्का दाई. अर्धं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, मीसुद्धा. निळ्या दरवाजाचं घर." मग एकदम थांबून म्हणाला, "का हो, अक्का सापडली का?"

मी फोन त्या पोरीकडे दिला.

फाईलमधली धुळ्याची यादी काढली. अक्काची नोंद होती. समता नगर, तालुका साक्री. माझं बोट तिच्यावरून गेलेलं होतं. बाजूला फोटो होता, जुना, जाड चष्म्याचा, भरल्या गालांचा. तोही मी पाहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. मोठी वस्ती, सिमेंटचा रस्ता, कमानीवर निळ्या अक्षरांत नवं नाव. घर विचारावं लागलं नाही. अक्काची मुलगी पन्नाशीची, विधवा, आईसोबतच राहणारी. आम्हाला पाहून जयभीम म्हणाली आणि खुर्च्या मांडायला लागली. मी उभाच राहिलो आणि काय झालं ते सांगितलं. अशी बातमी मी शेकडो घरांत दिली होती, कशी द्यायची ते मला येत होतं.

तिने थोड्या वेळाने स्वतःच सांगायला सुरुवात केली. आईला डोळे दाखवायला धुळ्याला नेलं होतं. परतताना स्थानकावर आईला बाकावर बसवून ती बाटलीत पाणी भरायला गेली. येते तो बाक रिकामा. समोरून नुकतीच जळगावची गाडी निघाली होती. पण आई तीत चढली असेल असं तिच्या ध्यानात आलं नाही. ठाण्यात तक्रार दिली. रोज धुळ्याला जायची, देवपुरात, नदीच्या पुलावर, दवाखान्यांच्या दारात फोटो दाखवत फिरायची.

मग तिने मला विचारलं, "नाना, आईनं घराचं काहीच नाही सांगितलं का हो? इतके दिवस होती म्हणता. एकदा तरी?"

शिपाई पोरगी माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "नाही. तिला काहीच आठवत नव्हतं."

मुलगी म्हणाली, "मग माले बी इसरी गई व्हई."

मी जबाब लिहून घेतला, तिने सही केली. पुढे ती जळगावला आली, मी तिला जागा दाखवली. तिथे मातीचे सारखे ढीग होते. आपल्या आईचा ढीग कोणता, हे तिला रजिस्टरवरून सांगावं लागलं.

अक्काच्या घरून परतताना जीपमध्ये शिपाई पोरगी एकदाच बोलली होती. "नाना, तिने सांगितलं होतं."

"गप बस," मी म्हणालो. ती माझ्याशी नंतर कामापुरतंच बोलली. माझ्या निरोप समारंभाला आली नाही. बरोबर केलं तिने.

त्या प्रकरणातून काय शिकलो, असं लोक विचारतात. उरलेल्या नोकरीत मी माणूस जसा बोलला तसंच लिहिलं. य म्हणाला तर य. नवीन साहेब खोडायचे, हसायचे. मी हट्टी माणूस, परत तसंच लिहायचो. शिकलो ते एवढंच. पण शिकून त्या म्हातारीचं काय झालं? पत्ता तिने पहिल्याच बैठकीत दिला होता. चूक एका अक्षराची होती, माणसाकडून होते, ती मी कुणाहीपुढे कबूल करीन. त्या घरात उभं राहून मी जे बोललो ती चूक नव्हती. अक्काच्या मुलीने माझ्या शुद्ध लिहिण्याला हसू नये, एवढ्यासाठी ते होतं.

ती मुलगी आहे अजून. आपल्या आईच्या मनातून आपण आणि आपलं घर पुसलं गेलं होतं, असं धरून जगतेय. खरं सांगायला दोन वाक्यं लागतील. निवृत्तीनंतर दोनदा निघालो. दोन्ही वेळा धुळ्यापर्यंत गेलो, साक्रीची गाडी समोर लागली, वाहकाने विचारलं, "बाबा, येताय का?" दोन्ही वेळा मी मान हलवून नाही म्हणालो.