काकू कुकीत काय घालायच्या?

‘‘काय शे त्यामा!’’ आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना कुठल्याही पदार्थाची कृती विचारा, आधी हे येणार. म्हणजे ‘त्यात काय आहे!’ माहेर देवळ्याकडचं, त्यामुळे अर्धं आयुष्य नाशकात काढूनही अहिराणीचा एवढा तुकडा जिभेवर राहिला होता. मग पिठाचे हात गाऊनला पुसत त्या जिथे असतील तिथेच कृती सांगायला लागायच्या. जिन्यात, भाजीवाल्यासमोर, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे, तोंडात कापूस असताना.

तुम्ही म्हणाल, अशा बाईने मांडे करावेत, चॉकलेट चिप कुकीच्या वाटेला कशाला जावं? पुण्याची नात. तिने सुट्टीत मोबाइलवर दाखवली, आजीने जुन्या गोल ओव्हनमध्ये करून पाहिली आणि मग काय विचारता! कडेला कुरकुरीत, मधे मऊ, चॉकलेट जिभेवर विरघळणारं. माझे धाकटे दीर त्र्यंबकेश्वरला निघाले की वाट वाकडी करून आमच्याकडे यायचे. मला वाटायचं, वहिनीची माया. ते आधी काकूंची बेल वाजवायचे.

साहजिकच इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत प्रत्येकीला ती कृती हवी होती. काकूंनी सगळ्यांना सांगितली. बटर, मैदा, अंडं, तपकिरी साखर, चॉकलेटचे दाणे रविवार कारंजावरून आणायचे, आणि मऊ दिसत असतानाच ओव्हनमधून काढायच्या, गार झाल्या की आपोआप धरतात.

आता सांगितलेली कृती तशीच्या तशी करायची, ही रीत आपल्यात आहे का? कुलकर्णीबाईंकडे अंडं चालत नाही, त्यांनी दही घातलं. शिंदेवहिनींच्या मिस्टरांना डायबेटिस, त्यांनी साखर निम्मी आणि मैद्याऐवजी नाचणी. मी म्हटलं, घरचं कढवलेलं तूप असताना बटर कशाला? आणि मऊ काढायच्या म्हणजे कच्च्याच की! तिघींनीही चांगल्या खरपूस भाजल्या.

कुलकर्णीबाईंचा ढोकळा झाला. शिंदेवहिनींच्या कुकीज गल्लीतल्या कुत्र्याने हुंगून सोडल्या. माझ्या ट्रेभर पसरून एकच भाकरी झाली. आमच्या ह्यांनी सुरीने वड्या पाडल्या आणि म्हणाले, ‘‘चिक्की बरी झालीय.’’

झालं! भिशीत विषय निघाला. ‘‘काकूंनी हातचं राखून सांगितलंय,’’ शिंदेवहिनी म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या.

काकूंच्या कानावर गेलं, तर त्यांनी आम्हा तिघींना स्वयंपाकघरात बसवून समोर करून दाखवल्या. त्या अर्थातच फक्कड झाल्या. पोटभर खाऊन आम्ही जिना उतरत होतो, तेवढ्यात कुलकर्णीबाई म्हणाल्या, ‘‘आपण यायच्या आधीच मैद्यात काहीतरी मिसळून ठेवलं असणार.’’ वर पाहिलं, तर शिंदेवहिनींची विसरलेली छत्री घेऊन काकू उभ्या. छत्री कठड्याला अडकवली आणि आत गेल्या.

त्यानंतर कुकीज बंद. भिशीही बंद. गुडघा दुखतो म्हणायच्या. मी भेटायला गेले तर म्हणाल्या, ‘‘कुकीचं सोड गं. पण मी खोटारडी? या वयात?’’ डोळे भरून आले त्यांचे. मला फार वाईट वाटलं. विरजणापासून मिक्सरपर्यंत कशालाच कधी नाही न म्हणालेली बाई, आणि तिच्यावर हा आळ!

काही दिवसांनी त्यांनीच मला हाक मारली. स्वयंपाकघराचं दार लोटलं, खिडकीबाहेर डोकावल्या आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, ‘‘फक्त तुला म्हणून सांगते. कुणाला बोलू नकोस. जायफळ. नखभर.’’

‘‘बघा! होतंच ना काहीतरी!’’ मी टाळीच वाजवली.

काकू क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग खुदकन हसल्या. ‘‘होतं बाई, होतं.’’

एवढं मोठं गुपित हाती लागल्यावर ते तुपात थोडंच बुडवायचं? या वेळी मी बटर आणलं, मैदा आणला, सगळं त्यांच्या सांगण्याबरहुकूम केलं, जीव मुठीत धरून मऊच काढल्या. आणि जमल्या हो! गंमत म्हणजे त्याच सुमारास शिंदेवहिनींच्याही जमल्या. कुलकर्णीबाईंच्याही. त्यांच्या पिशवीत मी अंडी पाहिली होती, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं. जायफळ माझ्याकडे असल्यामुळे मला दोघींचं कौतुक मोठ्या मनाने करता आलं. काकू पुन्हा भिशीत येऊ लागल्या. आमच्या कुकीज खाऊन ‘‘माझ्यापेक्षा छान झाल्यात गं,’’ म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. दिवस झाल्यावर आम्ही तिघी त्यांच्या लेकीला भेटायला गेलो. न ठरवता तिघींच्याही हातात कुकीजचा डबा. ते पाहून शिंदेवहिनींचा बांध फुटला. ‘‘मला एकटीला सांगितलं होतं हो त्यांनी, चिमूटभर सुंठ घालायची म्हणून.’’

कुलकर्णीबाई डोळे पुसायच्या थांबल्या. ‘‘सुंठ? काहीतरीच काय! मिरपूड. देवासमोर उभं करून सांगितलंय मला.’’

‘‘मिरपूड रश्श्यात घाला हो!’’

दोघींची फोटोसमोरच जुंपली. लेक गोंधळून आळीपाळीने दोघींकडे बघत होती. शेवटी म्हणाली, ‘‘पण आई तर यातलं काहीच घालायची नाही.’’

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग शिंदेवहिनींना हसू फुटलं, कुलकर्णीबाईंना फुटलं आणि आम्ही तिघी एकमेकींचे हात धरून रडता रडता हसत सुटलो.

जायफळाचं मात्र मी बोलले नाही. काकूंनी त्या दोघींची कशी समजूत काढली, ते माझ्या लक्षात आलं. बिचाऱ्या! आणि लेकीला तरी आई सगळं थोडंच सांगते?

घरी आले, ओव्हन लावला, जायफळ किसायला घेतलं आणि एकदम रडू कोसळलं. ह्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ काय सांगणार? माझ्याशी कशाला खोटं बोलतील काकू?