चहाला नको म्हणायची तालीम

तळेगाव ढमढेऱ्याच्या मच्छिंद्रनं चाळीशी गाठेपर्यंत एकही गोष्ट एकट्यानं केली नव्हती. खरं सांगायचं तर त्याला कुणी ती करूच दिली नव्हती. शाळेत त्याला आत्यानं घातलं, लग्न आत्यानंच जमवलं, घरावरचे पत्रे भावकीनं चढवले आणि नोकरी मेहुण्यानं लावली.

मेहुणा म्हणजे विनोद, बायकोचा, करुणाचा थोरला भाऊ. सणसवाडीच्या ज्या कारखान्यात मच्छिंद्र मशिनीवर होता, तिथंच विनोद मेंटेनन्सला. गडी हाताचा पक्का आणि जिभेचा त्याहून पक्का. कँटीनला चार माणसं जमली की मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हे आमचे दाजी! मी चिकटवलं यांना हितं." चिकटवलं म्हणे! जणू दाजी म्हणजे भिंतीवरचं पोस्टर. मच्छिंद्र तोंडदेखलं हसायचा, सायकल मारत घरी यायचा आणि चपला अशा काही भिरकवायचा की एक उंबऱ्यात तर एक शेजारच्या कुशाबाईच्या अंगणात. कुशाबाई चपलेवरूनच ओळखायची, आज मेहुण्यानं खांद्यावर हात ठेवला वाटतं.

असंच एकदा पहिली पाळी सुटल्यावर शिक्रापूरच्या चौकात त्याला पुण्याची सायकलवाली मंडळी दिसली. घट्ट चड्ड्या, डोक्याला टोपडी, सायकलींना हातभर पिशव्या बांधलेल्या. हॉटेलात मिसळ हाणत होती. मच्छिंद्रनं सहज विचारलं, तर कळलं की थंडीत त्यांच्या क्लबची मोठी शर्यत आहे. पुण्यातून नगर, पुढं बीड, सोलापूर आणि सोलापूर रोडनं परत पुणं. सामान आपलं आपण वाहायचं. भूक लागली तर दुकानातून विकत घ्यायचं, झोप आली तर जागा मिळेल तिथं पडायचं. ओळखीच्या माणसाकडून मात्र पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही.

"म्हंजी कुणीच मदत करायची न्हाई?" मच्छिंद्रनं विचारलं.

"केली की बाद."

"सख्ख्या मेहुण्यानं केली तरी?"

"मग तर नक्कीच बाद."

मच्छिंद्रला वाटलं, हा नियम या लोकांनी खास आपल्यासाठीच केलाय. त्यानं तिथंच नाव दिलं. पहिला नंबर वगैरे त्याच्या स्वप्नातही नव्हता. नुसतं पोचायचं, आणि ते असं पोचायचं की कुणाला 'आमच्यामुळं' म्हणता येऊ नये.

करुणानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अवो, तुम्हाला शर्ट इस्त्री करून न्हाई दिला तर तुम्ही कामाला जात न्हाई."

"म्हणूनच जायचंय."

तयारी सुरू झाली. सायकल जुनीच, रोजची. तिच्यावर टाकायला पिशवी हवी. करुणा म्हणाली, आणा इकडं, अर्ध्या तासात शिवून देते. मच्छिंद्र म्हणाला, खबरदार, ती मदत झाली. मग जुन्या पँटी आणि खताच्या गोणीचं प्लास्टिकचं कापड घेऊन तो स्वतः दाभण चालवत बसला. जी पिशवी तयार झाली तिला एक पाय लांब आणि एक आखूड होता. करुणा हसून हसून खालीच बसली. पण पिशवी आत पाणी घेत नव्हती, धागा उसवत नव्हता, आणि ती त्याची स्वतःची होती. त्यानं ती खुंटीला अशी टांगली की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी.

विनोदला सुगावा लागायला कितीसा वेळ लागतोय? संध्याकाळी हजरच. "दाजी, बेअरिंगी मी बदलून देतो. ब्रेक मी बघतो. आन् शर्यतीच्या टायमाला मी फटफटीवर मागनं—"

"मागनं न्हाई, पुढनं न्हाई, विनोदराव. हात बी लावायचा न्हाई सायकलीला."

विनोदचं तोंड एवढंसं झालं. पण तो काही मुकाट्यानं जाणारा नव्हे. दारातून वळून म्हणाला, "आधी चौफुल्यापर्यंत तर जाऊन या एकट्यानं. मग बोलू."

झालं! आलेल्या पहिल्या सुट्टीला मच्छिंद्र निघाला. तळेगावहून न्हावरा, न्हावऱ्याहून पारगावच्या पुलावरनं भीमा ओलांडायची आणि दौंड तालुक्यात शिरून चौफुला गाठायचा. तिथून माघारी. रोज शिफ्टला सायकल हाणणाऱ्या पायांना त्यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते रस्त्याकडेला उभं होतं.

न्हावऱ्यात चुलतभाऊ चांगदेव आडवा आला. "आरं मच्छिंदर! जय भीम! बिनचहाचा चाललास व्हय?" चहा झाला, पोहे झाले, वर टोपलीभर वांगी कॅरिअरला बांधली गेली. पारगावला कारखान्यातला दोस्त भेटला, त्यानं ओल्या शेंगा दिल्या. आणि चौफुल्याला तर साक्षात साखरबाई आत्या. हिचं घर सोलापूर रोडला लागूनच. हिच्या दारावरून कुत्रंसुद्धा उपाशी गेलेलं नाही. आत्यानं कोंबडी कापली, भाकरी थापल्या, समोर बसून जेवू घातलं आणि "जरा पड लेकरा" म्हणून उशीही दिली. उठल्यावर गुऱ्हाळावरची गुळाची ढेप बांधून दिली आणि वर करुणासाठी एक जिवंत कोंबडी, पाय बांधून हँडलला उलटी टांगून.

मच्छिंद्र परत आला तो सायकलवर बसून नव्हे. सीटवर गूळ बसला होता. तो बिचारा शेजारून चालत होता आणि कोंबडी सगळ्या वाटेनं ओरडून गावाला वर्दी देत होती.

पारावर विनोद वाटच बघत होता. "दाजी, शर्यत हाय का बिऱ्हाड?"

सगळा पार हसला. मच्छिंद्र त्या दिवशी जेवला नाही. आत्याकडं जेवण जास्त झालं होतं हेही त्याचं एक कारण.

रात्रभर विचार करून त्याला एक गोष्ट कळली. पाय तयार आहेत, सायकल तयार आहे, पिशवी तयार आहे. तयार नाही ती जीभ. आपल्याला 'नको' म्हणता येत नाही. त्यानं सकाळी करुणाला तसं सांगितलं आणि करुणाच्या डोळ्यात जी चमक आली ती बघून त्याला जरा धास्तीच वाटली.

त्या दिवसापासून त्या घरात चहाला नको म्हणायची तालीम सुरू झाली. संध्याकाळी करुणा आलं ठेचून घालून चहा करायची, बशीत ओतायची, बशी त्याच्या नाकाखाली धरायची आणि आत्याच्या आवाजात म्हणायची, "घे की लेकरा. गरिबाचा चहा चालत न्हाई व्हय?" पहिल्या दिवशी मच्छिंद्रनं दोन बशा प्यायल्या. दुसऱ्या दिवशी "आत्ताच झालाय" म्हणाला, तर करुणानं "मग अर्धा घे" म्हणून पुन्हा बशी पुढं केली. तिसऱ्या दिवशी "पोटात गडबड हाय" असं म्हणायची चूक केली. कुशाबाई भिंतीपलीकडून ऐकतच होती, ती ओवा आणि काळं मीठ घेऊन धावत आली आणि ते त्याला चावून खावं लागलं.

हळूहळू ध्यानात आलं की कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की समोरचा त्या कारणावर इलाज काढतो. दोन्ही हात जोडायचे, हसायचं, 'नको' म्हणायचं आणि पायडल मारायचं. बस्स. मग बाजाराच्या दिवशी तळेगावभर त्याची परीक्षा सुरू झाली. भजीवाला गरम भजी घेऊन पाठीमागे लागला, रसवंतीवाला ग्लास घेऊन आडवा आला, सलूनवाल्यानं तर फुकट दाढी देऊ केली. मच्छिंद्र हात जोडत, हसत, नको नको करत सगळ्या बाजारातून कोरडाच बाहेर पडला. करुणानं त्या दिवशी त्याला पास केलं.

दुसऱ्या फेरीला तो पुन्हा चौफुल्याला गेला. चांगदेवला हात जोडले, पारगावच्या दोस्ताला हात जोडले. आत्या रस्त्यावरच उभी होती, किटली घेऊन.

"नको, आत्या."

"आरं, पाणी तरी?"

"नको."

आणि तो वळला आणि निघून आला. मागं बघितलं नाही. सायकल मोकळी, पिशवी हलकी आणि पारावर विनोद गप्प. मच्छिंद्रला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी दारात जीप उभी राहिली. आत आत्या, आत्याच्या सुना, न्हावऱ्याचा चांगदेव आणि त्याची बायको. आत्या उतरली ती डोळ्याला पदर लावूनच. "काय चुकलं रं आमचं? नातवाच्या नामकरणाचं आवतन उशिरा धाडलं म्हणून रुसलास का?"

मच्छिंद्रला नामकरण आठवतही नव्हतं. तो काही बोलायच्या आत चांगदेव पुढं झाला. "न्हाई आत्या, चूक माझी. मच्छिंदर, तुझं घमेलं हरवलं न्हाई. माझ्याकडं हाय. मीच नेलं हुतं." चांगदेवची बायको म्हणाली, पातेलं पण. मग एका सुनेनं कबूल केलं की लग्नात मच्छिंद्रनं आहेर केलेली साडी तिनं तशीच्या तशी पुढं दुसऱ्याला केली. करुणाचे कान टवकारले गेले. ती साडी तिनं स्वतः निवडली होती. तिनं मच्छिंद्रला खूण केली, थांबा जरा, बोलू नका इतक्यात, अजून काय काय निघतंय बघू.

शेवटी मच्छिंद्रनं शर्यतीचा नियम सांगितला. आत्याला तो दोनदा सांगावा लागला.

"पाणी पाजलं तर बाद? असला कसला नेम? कुणी केला?"

"पुण्याच्या लोकांनी."

"तरीच," आत्या म्हणाली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिनं जरा विचार केला. "नुसतं बघितलं तर चालंल का?"

"बघितलं तर चालंल."

"बरं मग," असं म्हणून आत्यानं डोळे पुसले आणि करुणाकडं चहा मागितला.

थंडी आली आणि शर्यतही आली. नगरपर्यंत मच्छिंद्र मजेत होता. बीडकडच्या घाटात रडकुंडीला आला. कुठल्याशा शाळेच्या ओट्यावर आखूड पायाची पिशवी उशाला घेऊन झोपला, सोलापुरात विकतची भाकरी खाल्ली आणि उसासे टाकत पुण्याची वाट धरली. पाटस गेलं, वरवंड गेलं. दुपार टळताना लांबून चौफुला दिसला आणि आत्याच्या दारापुढं उभी असलेली माणसंही दिसली. आत्या, सुना, चांगदेव, तळेगावहून आलेली करुणा, कुशाबाई आणि विनोद. सगळ्यांनी हात पाठीमागे बांधलेले. शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

आणि नेमकं तिथंच, बरोब्बर आत्याच्या दारात, मागलं चाक फुस्स झालं.

मच्छिंद्र उतरला. त्यानं पान्हे काढले, टायर उतरवला, ट्यूब बाहेर ओढली. विनोद दोन पावलं पुढं आला, थबकला आणि सरळ रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसला. दोन्ही हात त्यानं मांड्यांखाली दाबून धरले.

आत्यानं किटली उघडली. "तू पिऊ नको," ती म्हणाली. "आमीच पितो." तिनं बशीत चहा ओतला, तोंडापर्यंत नेला आणि न पिताच खाली घेतला. तशीच बशी हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली.

मच्छिंद्रनं घाईत ट्यूब घासलीच नाही आणि तसाच पॅच चिकटवला. विनोदला ते दिसलं. त्याचं तोंड उघडलं. करुणानं धावत जाऊन त्या तोंडावर पदर दाबला.

"सांगू दे की, सल्ला म्हंजी काय मदत न्हाई," चांगदेव कुजबुजला.

"मदतच," कुशाबाई म्हणाली.

पॅच निघाला. हवा गेली. विनोदनं डोळे मिटून घेतले. गाव झोपलं तरी मशीन उघडून बसणारा माणूस तो, कुणाचं काही बिघडलेलं बघवत नाही त्याला. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. मच्छिंद्रनं ते बघितलं. मग त्यानं दम खाल्ला, ट्यूब नीट खरखरीत घासली, सोल्यूशन लावून वाळू दिलं आणि दुसरा पॅच अंगठ्यानं दाबून धरला. पंप मारला. हवा टिकली.

तो सायकलवर बसला. आत्याचा हात त्याच्या पाठीवर ठेवायला उचलला गेला आणि मधेच थांबला. ढकल द्यायला कुणी आलं नाही. मच्छिंद्र एकटाच निघून गेला.

पुण्यात तो शेवटून दुसरा पोचला. शेवटचा गडी रस्ता चुकून बार्शीला गेला होता.

सोमवारी कँटीनला गर्दी जमली. विनोद आला, मच्छिंद्रच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हे आमचे दाजी! माझ्यामुळं पोचले बरं का. मी हात लावला न्हाई म्हणून."

सगळे खदखदून हसले. मच्छिंद्रनं खांद्यावरच्या त्या हाताकडं बघितलं. पंक्चरच्या वेळचे मांड्यांखालचे दोन हात त्याला आठवले.

"व्हय," तो म्हणाला. "यांच्यामुळंच."

विनोद बिचारा चहा आणतो म्हणून निघून गेला.

त्या संध्याकाळी कुशाबाई अंगणात चपलेची वाट बघत होती. चपला आल्या नाहीत. मच्छिंद्रनं त्या उंबऱ्यापाशी शेजारी शेजारी काढल्या आणि आत जाऊन करुणाला म्हणाला, "आलं घालून चहा टाक. आन् विनोदरावांना बी निरोप धाड. माझी मागली बेअरिंग वाजतीया."