टेकडी उतरल्यावरचा चहा

यवतमाळात कोणाचे आलुबोंडे चांगले, हे मला विचारा. साठ-बासष्टच्या काळातलं एकूण एक हॉटेल मला पाठ आहे. कोणाच्या तर्रीवर नुसतं तेल तरंगतं, कोण कालचे भजे आज पुन्हा तळून देतो, सगळं सांगतो. पण त्या दिवसांच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटत असेल ना, असं कोणी म्हटलं की माझं डोकं सणकतं. तोंड कडू होतं माझं, दुसरं काही होत नाही.

मी तेव्हा एका कचेरीत कारकून होतो. दर रविवारी आम्ही चौघं कारकून उजाडता उजाडता नाक्यावर जमायचो आणि गावाबाहेरच्या टेकडीवर जायचो. वाट सागाच्या जंगलातून होती, मधे एक सुकलेला नाला, मग खडी चढण. उन्हाळ्यात चारं नि टेंभरं तोडून खायची, हिवाळ्यात बोरं. खाली रस्त्याला लागलं की पहिल्याच हॉटेलात शिरायचं. आमच्यातला मोठा कारकून पुढे असायचा, त्याला आम्ही भाऊ म्हणायचो. काम मला त्यानंच हाताला धरून शिकवलं होतं. सणावाराला जेवायला घरी न्यायचा, वहिनी आग्रह करकरून पुरणपोळी वाढायच्या. त्या माणसासाठी मी काहीही केलं असतं.

फक्त माझी जात त्याला ठाऊक नव्हती. आडनावावरून कळण्यासारखी नव्हती, आणि मी तीन वर्षं कळू दिली नव्हती. आमच्या घरानं छप्पन सालीच धर्म बदलला, भिंतीवरचे देव उतरवले, बुद्धाची तसबीर लावली. आमचं मन बदललं, पण म्हणून गावचा हॉटेलवाला थोडाच बदलतो! भाऊला कळलं की त्याच्या घरचं पान गेलं आणि रविवारही गेला, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून गावाकडची गोष्ट निघाली की मी दुसरंच काही काढायचो.

माझं गाव घाटंजीपासून दोन कोसांवर. शाळेसाठी मी रोज जंगलातून चालत यायचो. घाटंजीच्या बाजारात एक हॉटेल होतं, त्याच्यासारखे भजे मी पुढे कुठेच खाल्ले नाहीत. त्या हॉटेलच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात कान तुटलेले तीन कप, आमच्या वस्तीसाठी. आपला कप आपण काढायचा, चहा वरून ओतला जायचा. पिऊन झालं की डब्यातल्या पाण्यानं कप विसळायचा आणि कोनाड्यात पालथा ठेवायचा. छप्पननंतर माझ्या बानं त्या कपाला हात लावणं सोडलं. बाजार करून उपाशीपोटी दोन कोस चालत यायचा, पण चहा घ्यायचा नाही. मी मात्र भज्यांच्या लोभानं चोरून जात राहिलो. मॅट्रिक होईपर्यंत जात होतो. लाज वाटते सांगायला, पण गेलो हे खरं.

तो रविवार थंडीचा होता. हॉटेलात आम्ही चौघं बसलो होतो आणि मी एका अस्वलाची गोष्ट रंगवून सांगत होतो. तिघंही हसून बेजार झाले होते. तीन वर्षांत इतका मोकळा मी पहिल्यांदाच बसलो असेन. बोलता बोलता चहा संपला. मी बोलतच उठलो, कप घेऊन कोपऱ्यातल्या पाण्याच्या टाकीकडे गेलो, विसळला आणि कठड्यावर पालथा घातला. मागे वळलो तर कोणीच हसत नव्हतं.

कप धुणारे कोण, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती. गल्ल्यावरचा माणूस माझ्याकडे पाहून मग भाऊकडे पाहू लागला. बाकीचे दोघे चपला शोधू लागले. परतीच्या रस्त्यावर भाऊ झपाझप पुढे चालत राहिला. नाक्यापाशी थांबला नि म्हणाला, "सांगाले नव्हतं पाहिजे काय तू? माह्या घरात जेवला ना बे."

एवढंच. शिवी दिली असती तर मीही दोन दिल्या असत्या. पण त्याच्या बोलण्यात मीच त्याला लुबाडल्याचा सूर होता, आणि मी मूर्खासारखा मान खाली घालून उभा राहिलो. पुढच्या रविवारी मी नाक्यावर ऊन चढेपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. कचेरीत भाऊ कामापुरतं बोलायचा, अहो-जाहो करून.

सुटी मिळाल्यावर घरी गेलो नि बाला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता हा भाऊच्या सात पिढ्या उद्धरेल. तो ऐकत राहिला आणि भलतंच विचारलं.

"तीन वर्सं झाले बाबू. एकडाव बी घरी नाही आणलं त्याईले. माह्याबद्दल काय सांगतलं होतं?"

शेती करते म्हणून सांगितलं, असं मी म्हणालो. बा हसला. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात राबलेला माणूस, म्हणाला, वावर कुठंसं हाय ते तरी दाखवून दे मले. मग आईला हाक मारून त्यानं हे तिलाही सांगितलं. खूश झाला होता तो.

खरं असं की पहिल्याच वर्षी भाऊनं हट्ट धरला होता, तुझ्या गावच्या जंगलातल्या वाटेनं जाऊ, तुझ्या वडलांना भेटू. तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की माझा बाप वारला. ते ऐकून वहिनींचे डोळे भरून आले होते. बा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. त्याला मी हे कधी सांगितलं नाही.