भुरेकाकूंची आयर्लंडची तयारी

एका घरातून कोणी लांब जायला निघालं की किस्से फक्त त्या घरात होत नाहीत. शेजारपाजारचे सल्ले द्यायला येतात आणि किस्से करून जातात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमधल्या आमच्या ओळीनं हे एका उन्हाळ्यात सिद्ध केलं. मी भुरेबाबूंचा शेजारी, म्हणजे गुन्ह्यात सामील.

गोष्ट ऐंशीनंतरची. भुरेबाबूंची सुमन लग्न होऊन आयर्लंडला गेली. जावई डॉक्टर, पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, पण तिला तिकडून येणं जमेना. भुरेकाकूंनी दोन दिवस कॅलेंडरवर महिने मोजले. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोरगी माहेरी येऊ शकत नाही ना? मंग माहेरच तिच्याकडं जाईन."

जावयानं एकच तिकीट पाठवलं. नागपूरच्या पुढं एकटी कधी न गेलेली बाई श्रावणाच्या आत तिथं पोचायला हवी होती. पासपोर्टचा पत्ता नव्हता.

*

आमचे सोनकुसरेसाहेब परदेशाचे जाणकार. स्वतः इटारसीच्या पुढं गेलेले नव्हते. त्यांनी सांगितलं, "काकू, तिथं बारा महिने थंडी. सवय करावी लागते."

झालं. ऐन मे महिन्यात, भंडाऱ्याच्या उन्हात, काकू स्वेटर, मोजे, बूट आणि कानटोपी घालून रोज सकाळी ओळीतून दोन फेऱ्या मारू लागल्या. चौथ्या दिवशी समोरच्या ओळीतून कोणीतरी कंपाउंडरला घेऊन आलं. त्यानं काकूंची नाडी धरली आणि विचारलं, "थंडी वाजून ताप कधीपासून येऊन राहिला?"

काकू म्हणाल्या, "ताप नाही जी. आयर्लंड आहे."

*

मग इंग्रजी. सगळ्या ओळीनं मिळून काकूंकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, डब्लिनचं विमान कुठून सुटतं ते विचारायचं. आठ दिवसांत काकू ते वाक्य भाजी चिरताना म्हणू लागल्या. सोनकुसरेसाहेबांची छाती फुगली.

परीक्षेच्या दिवशी काकूंनी वाक्य खडाखडा म्हणून दाखवलं आणि म्हणाल्या, "मी तर इचारीन. पण तो सांगन ते मले कोण समजावून देईन?"

पुढचा धडा झालाच नाही.

*

भुरेबाबूंचे थोरले भाऊ दादाजी आसगावला धानाची शेती करायचे. ते भेटायला आले, तेव्हा भुरेबाबूंनी सुमनचं पत्र वाचून दाखवलं. सगळीकडं हिरवंगार, सदा पाऊस.

"मंग कोणता धान लावतात?" दादाजींनी विचारलं.

"धान नाही लावत. आलू लावतात. बाकी गवतच गवत."

"एवढा पाऊस अन् गवत? कायले?"

"गाईंसाठी."

दादाजी चहा न पिताच गावी निघाले. पुढच्या रविवारी एसटीनं परत आले ते धानाच्या बियाण्याची पिशवी घेऊनच. काकूंच्या हातात देऊन म्हणाले, "जावयाले सांगजो, घरामागं धानाची एक बांधी पाडून पाह्य म्हणा. तिथल्या लोकाईले कोणी सांगितलं नसन."

*

सगळ्यात मोठा वाद बाजेचा. बाळंतिणीला शेक द्यायला बाज लागते, खाली निखाऱ्याची शेगडी. काकूंचं म्हणणं, पलंगावर शेक लागत नाही, बाज इथूनच न्यायची. भुरेबाबूंनी सुताराला बोलावलं, तो घडीची बाज करायला तयारही झाला. पण विमानात सामान वीस किलोच चालतं. डिंकाचे लाडू, तूप, ओवा, बाळंतशेपा मिळून काटा आधीच तिथवर गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बाजेचा नाद सोडला, म्हणून आम्ही सुटकेचा श्वास घेतला. मी वजन पाहायला बॅग उघडली तर लाडवांखाली दोरीचं भलंमोठं वेटोळं.

"काकू, हे काय?"

"लाकूड तर तिथंही भेटन. इणून मी घेईन."

*

आषाढात पासपोर्ट आला. भंडारा रोड स्टेशनावर सगळी ओळ पोचवायला गेली. काकू खिडकीत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, मले लय भेव लागून राहिलं." मी काहीतरी धीराचं बोललो, पण भीती मलाही वाटत होती. इतके दिवस हसलो त्याची लाज वाटली.

काकू बाळंतपणाच्या अकरा दिवस आधी पोचल्या. तारेनं कळलं, नात झाली, दोघी सुखरूप. भुरेबाबूंनी ओळभर पेढे वाटले.

दिवाळीच्या आधी काकू परत आल्या. त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सोनकुसरेसाहेब तर घरून खुर्ची घेऊन आले होते.

"मंग काकू, कसा आहे देश?" कोणीतरी विचारलं.

"अकरा दिवस बाज इणण्यात गेले. मंग सव्वा महिना बाळंतीण बाहेर काढली नाही," काकू म्हणाल्या. "मंग नातीले सर्दी झाली. मंग टिकटाची तारीख आली."

"खिडकीतून तरी पाहिलं असेल?"

"खिडकी कशी उघडू? हवा लागते बाळंतिणीले."

सोनकुसरेसाहेब खुर्चीतून पुढं सरकले. "अहो, पण विमानतळावरून घरी नेलं तेव्हा? भर दुपारी उतरल्या होत्या तुम्ही. मोटारीतून तर सगळा देश दिसला असेल."

काकूंनी त्यांच्याकडं नवलानं पाहिलं.

"मोटारीत पोरगी बाजूले बसली होती ना जी," त्या म्हणाल्या. "मी बाहेर कायले पाहू?"