चाचांच्या नातीचे डोळे आणि माझं पत्रक

लेकराचे डोळे लाल दिसले की ‘डोळे आलेत’ म्हणून तुम्ही मोकळे होता ना? मीही झालो होतो. अख्ख्या दारव्ह्यात मला अडवणारा एकच माणूस निघाला: आमच्या गल्लीत जीप दुरुस्त करणारे चाचा.

चाचांइतका संशयी माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा नसेल. पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते बिघाड ऐकतात; एकदा खोकणाऱ्या व्याह्यांच्या पाठीलाही त्यांनी पेचकस लावला होता. छापलेल्या कागदाशी तर त्यांचं उभं भांडण. लोकांना जागं करायला मी छापून वाटायचो ती पत्रकं ते ग्रीसच्या बोटांनी ओळ न् ओळ वाचत आणि विचारत, “बेटा, हे तू पाह्यलं का कोनाचं आयकून लिवलं?” माझी क्रांती तिथंच पंक्चर.

डोळ्यांची साथ आली तेव्हा मी पत्रक काढलं: घाबरू नका, चिपडं येतील, डोळे धुवा, आठवड्यात बरं होतं. चाचांची सहा वर्षांची नात तापली, डोळे लालभडक झाले, तेव्हा मीच ते नेऊन दिलं. शेजारणींनी गुलाबपाणी आणलं. सहाव्या दिवशी चाचांनी मला बोलावलं.

“काहून रे, तू लिवलं चिपडं येतात. हिले कुठी हायेत?”

“येतील, चाचा.”

“कधी? ताप उतरून नाही राह्यला. जीभ पाह्य, मिरचीवानी लाल. हात सुजले. अन् डाव्या डोळ्यानं धूर दिसते म्हनते.”

दुरुस्तीला आलेल्या जीपमधूनच आम्ही तिला यवतमाळला नेलं.

डॉक्टर म्हणाल्या, “लहान मुलांत कधी कधी रक्तवाहिन्यांनाच सूज येते. डोळे लाल होतात, पण चिपडं नसतात. बहुतेकांचे डोळे निवळतात. हिची सूज डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत गेलीय. असं फार क्वचित होतं. ही सूज हृदयाच्या रक्तवाहिन्यांनाही येऊ शकते, म्हणून तेही तपासावं लागेल.”

आयुष्यात कुणालाही प्रश्न विचारल्याशिवाय न सोडणारा माणूस त्या खोलीत नातीची चप्पल हातात धरून नुसता उभा राहिला.

हृदय वाचलं. उजवा डोळा निवळला. डाव्यातला धूर अजून पुरता गेलेला नाही. किती जाईल, डॉक्टरही सांगत नाहीत. चाचांनी मला दोष दिला नाही. एकदाच हळू म्हणाले, “कागदावर खाली जागा होती न, बेटा?”

होती. म्हणून आता लिहितो: ताप चार-पाच दिवस हटत नसेल आणि डोळे लाल असून चिपडं नसतील, तर लेकराला आजच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. धूसर दिसतं म्हणालं, तर हे वाचणं इथंच सोडा आणि निघा.