कुंकवाने बुजलेली पिस्तुले

पळसदरीची ती झडती अजून माझ्या मनातून गेलेली नाही. तेव्हा मी कर्जत ठाण्याचा फौजदार होतो. घाटात एका व्यापाऱ्याची गाडी लुटली गेली होती आणि पिस्तुलाच्या बाराने गाडीवान जखमी झाला होता. पोलीस पाटलाने खबर आणली: गावातला एक शेतकरी घरात पिस्तुले लपवतो.

पहिल्या झडतीत काहीच मिळाले नाही. हवालदार म्हणाला, "खंडेनवमीला जाऊ, साहेब. त्या दिवशी हत्यार पुजल्याबिगर तो ऱ्हायचा नाय."

तसेच झाले. ओसरीवर पाट मांडला होता. त्यावर जुनी लष्करी पिस्तुले, गंध, झेंडूची फुले. परवाना एकाचाही नव्हता. दरोडा शाबीत झाला असता तर हा माणूस काळ्या पाण्यावर गेला असता.

"काय रं, कुणाशी लढाई हाय?" हवालदाराने टोमणा मारला.

"लढाया झाल्या की! मी मागं उरलेलं जमवतो."

घाटावर तांदूळ विकायला गेला की तो जुन्या शिलेदारांची घरे गाठी आणि तांदूळ देऊन पिस्तूल घेई.

"कशासाठी?" मी विचारले.

त्याने एक पिस्तूल माझ्या हाती दिले. "बार ठासायचा हा गज बघा. बिजागरीनं नळीला जोडलाय. घोडा दौडताना बार भरायचा, तवा हातातून पडू नये म्हणून. आन् इथं अंगठा ठेवा."

दस्त्याचे लाकूड तिथे झिजून खोलगट झाले होते. माझा अंगठा त्यात नेमका बसला. क्षणभर मी चौकशी विसरलो.

त्याची बायको आतून म्हणाली, "सायेब, एकदाचं घेऊन जावा ते. कोठीतला तांदूळ तरी उरंल."

मग माझे लक्ष बत्तीच्या छिद्राकडे गेले. ठिणगी तिथूनच आतल्या दारूला लागते. मी सुई घातली, ती शिरेना. दरवर्षीच्या पूजेचे कुंकू आणि तेल आत दगडासारखे घट्ट झाले होते. सगळ्यांची तीच गत. यांतून कित्येक वर्षांत बार निघालेला नव्हता. पंचनाम्यात मी ते स्पष्ट लिहिले.

दरोड्याचा आरोप गळाला. पण परवान्याविना हत्यार बाळगल्याबद्दल दंड झाला आणि पिस्तुले मोडीत काढण्याचा हुकूम निघाला. सुटलेला माणूस घराकडे धावतो. हा कचेरीच्या दारात उभा राहिला.

"मोडायच्या आधी कुणीतरी नीट बघा तरी, साहेब."

हुकूम बदलणे माझ्या हाती नव्हते. हत्याराला परवाना आहे की नाही, एवढेच कायदा विचारतो. ते कोणाच्या हातात झिजले, हे त्या शेतकऱ्याने विचारले होते. त्यानंतरच्या प्रत्येक झडतीत, वस्तू जप्त करण्याआधी, ती का जपली हे मी मालकाला विचारत आलो. निम्मे गुन्हे त्या उत्तरातच उलगडले.