नाणं वाजवून पास केलेल्या बोटी

फायबरचं काम करणाऱ्या माणसाची पँट बघावी. माझ्या एका पँटवर वीस वर्षांचं रेझिन सांडून वाळलंय. धुतलं तर जात नाही, खरवडलं तर कापड फाटतं. किस्स्यांचं पण तसंच आहे गड्या. गोळा करायला कुठं जावं लागत नाही, काम करता करता अंगावर सांडतात आणि चिकटून बसतात.

मी जिनपाल मिस्त्री. सांगलीजवळ माझं वर्कशॉप आहे. पाण्याच्या टाक्या करतो, दारं करतो आणि बोटी करतो. पण वर्षातनं एकदा-दोनदा मेढ्याच्या पलीकडनं, कोयनेच्या बॅकवॉटरवरनं फोन येतो. "मिस्त्री, वारं लय झालं. बोटींना भेगा पडल्यात. येऊन जावा."

फायबरच्या बोटीला वरून एक चकचकीत थर असतो. त्याला जेलकोट म्हणतात. घराला गिलावा असतो तसा. गिलाव्याला तडा गेला म्हणून घर पडत नाही, पण बघणारा आत जायला कचरतोच. लाटांवर बोट आपटली की ह्या गिलाव्याला केसासारख्या भेगा पडतात. त्या वरच्यावर आहेत का आत गेल्यात, ते सांगायचं माझं काम.

माझ्या वस्तादानं मला मशीन दिलं नाही. पाच रुपयाचं जुनं जाड नाणं दिलं. बोटीवर वाजवायचं. टणटणीत आवाज आला, आतलं अंग धड. बद्द आवाज आला, आत थर सुटलेत, बोट पाण्याबाहेर. एवढंच. पण एवढं शिकायला मला चार वर्षं लागली.

*

पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा मी लय ताठ्यात होतो. नवीन शर्ट, खिशात खडू, गळ्यात टॉर्च. तिथल्या बोटवाल्यांचा एक क्लब आहे, त्याचे अध्यक्ष म्हणजे आमचे सुभेदार. मिलिटरीतनं रिटायर झालेले, मिशी अजून ड्युटीवर. त्यांची बोट पहिली घेतली.

तासभर वाकून, झोपून, सरपटून मी बोटीवर चाळीस भेगा शोधल्या आणि एकेकीला खडूनं गोल केला. घाम पुसत उभा राहिलो. सुभेदार पुढं आले. खिशातनं रुमाल काढला, ओला केला आणि एका गोलातनं फिरवला. भेग पुसली गेली. शेवाळ्याची रेघ होती ती. दुसऱ्या गोलातनं फिरवला, तीही गेली. सात गेल्या.

मग रुमाल पिळत शांतपणे म्हणाले, "मिस्त्री, उरलेल्या तुमी पुसतासा का मी पुसू?"

तेव्हापासनं मी आधी बोट धुऊन घेतो, मग खडू काढतो.

*

सुभेदारांनी त्या दिवसापासनं एक रजिस्टर सुरू केलं. प्रत्येक बोटीचं एक पान आणि प्रत्येक भेगेला नंबर. लांबी, दिशा, कुठल्या वाऱ्यात पडली ते सगळं. मला हसू यायचं, पण पुढं त्या रजिस्टरचा मलाच उपयोग झाला. जुनी भेग कुठली आणि नवी कुठली ते लगेच कळायचं.

एकदा त्यांच्या बोटीवरची एक किरकोळ भेग मी सहज घासून, भरून, पॉलिश करून टाकली. म्हटलं, म्हातारा खूश होईल. पुढच्या खेपेला गेलो तर जेटीवरच उभे, रजिस्टर उघडून.

"सतरा नंबर कुठं हाय?"

"साहेब, ती मी घासून काढली. तुमच्यासाठीच."

"परवानगी कुणाची घेतलीसा?"

त्यांनी पेन काढलं आणि सतरा नंबरसमोर लिहिलं, 'विनापरवाना गैरहजर.'

*

आता शालन आक्का. ह्या क्लबात बाईमाणसाच्या नावावरची एकच बोट आणि ती चालवते पण तीच. नवरा वारला आठ वर्षांमागं. लोक म्हणाले बोट विकून टाक. तिनं पदर खोचला आणि इंजिनाची दोरी ओढली. पलीकडच्या काठाला तीन वाड्या आहेत. तिथली दुधाची किटली, शाळेचे गुरुजी, दवाखान्यात जायचा पेशंट, सगळं आक्काच्या बोटीतनं येतं. सुट्टीत पर्यटक. जीभ अशी की इंजिन बंद पडलं तरी ती बंद पडत नाही.

एका वर्षी मी तिची बोट बघायला गेलो तर पुढच्या बाजूला एक मोठं स्टिकर. त्यावर बाहुबली भगवान! बाकी बोटींवर बघावं तर कुठं खंडोबा, कुठं भैरवनाथ. जावळीच्या डोंगरात बाहुबली कुठनं आले?

माझ्या लगेच लक्षात आलं. मिस्त्री सांगलीकडचा जैन माणूस, देवावर काही नाणं वाजवायचा नाही, असा हिशेब. मी टोपी काढली, हात जोडले, चपला बाहेर ठेवल्या आणि बोटीत उतरून त्याच जागी आतल्या बाजूनं नाणं वाजवलं. टणटणीत. स्टिकरखाली नुसती वरची भेग होती.

"आक्का, ही तर पास होती. झाकलीसा कशाला?"

"आवं, वरची हाय का आतली हाय ते मला काय ठावं?" आक्का म्हणाली. "ते तुमालाच कळतंय. आमी नुसतं तुमच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हय?"

मी हसलो खरा. पण बोलणं मनात राहिलं.

*

कोयनानगरच्या कॉलनीत एक काका राहतात, धरणावरनं रिटायर झालेले. त्यांना सगळे भूकंपकाका म्हणतात. कॉलनीतल्या माणसांना भेगांचं कौतुक नाही. जमीन हलली की ते आधी भिंतीकडं बघतात, मग दाराकडं जातात. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायची आणि तारीख टाकायची, ही त्यांची पद्धत. पट्टी तडकली तर भेग जिवंत, वाढतीय. नाही तडकली तर मेलेली.

काका एकदा फिरायला आले आणि त्यांनी सुभेदारांच्या बोटीवर, नऊ नंबरच्या भेगेवर अशी पट्टी बसवली. महिनाभर सगळा क्लब रोज सकाळी ती पट्टी बघून मग चहा प्यायचा. महिन्यानं काका परत आले. चष्मा लावून वाकले, पट्टीवरनं बोट फिरवलं, कुठं तडा नाही, आणि म्हणाले, "गेली."

सुभेदारांनी रजिस्टरात लिहिलं, 'भेग नंबर नऊ. मयत.'

शालन आक्का मागं उभी होती. म्हणाली, "मग ग्रामपंचायतीतनं दाखला आणायचा का, का तुमच्या सहीवर भागतंय?"

सुभेदार पण हसले त्या दिवशी. मिशी हलताना मी पहिल्यांदा बघितली.

*

आता यंदाचं सांगतो. दिवाळीला सहा दिवस होते. परतीच्या पावसाचं वारं अचानक सुटलं तेव्हा आक्काची बोट मधोमध पाण्यात. बोटीत गुरुजी आणि दिवस भरत आलेली एक पोरगी. लाटा अशा की पुढची बाजू उचलायची आणि धाडकन आपटायची. आक्कानं सगळ्यांना काठाला आणलं. पोरगी मेढ्याला पोचली, सुखरूप बाळंत झाली. पण बोटीच्या पोटाला भेगांचं जाळं झालं.

सुभेदारांनी बोट थांबवली. मी पोचलो तेव्हा ती दगडांवर उलटी घातलेली आणि आक्का शेजारी बसलेली, गप्प. आक्का गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, "बोट बंद म्हंजी मी बंद, मिस्त्री."

मी बोट धुतली. एकेक गोल काढत गेलो, नाणं वाजवत गेलो. टणटणीत. टणटणीत. दुपार झाली. साठ-सत्तर गोल झाले. आणि पुढच्या बाजूला, एका विताच्या जागेत, बद्द.

परत वाजवलं. बद्द. सुभेदारांनी रजिस्टर मिटलं. आक्का उठून उभी राहिली.

मला तिच्याकडं बघवेना. ग्राइंडर लावला आणि ती जागा खोलली. वरचा थर गेला आणि आतनं लाडवाएवढा पुट्टीचा गोळा सुटून हातात आला. खाली बघतो तर अस्सल थर, एक धागा हललेला नाही. नाणं वाजवलं. टणटणीत. कधीतरी दगड लागून खळगा पडलेला, कुणीतरी साधी पुट्टी भरून वरनं रंग मारून मोकळं झालेलं.

आक्कानं गोळा हातात घेतला. उलटा-पालटा केला.

"आमच्या ह्यांचं काम हाय हे," ती म्हणाली. "मी तवाच इचारलं होतं, दगडाला लावलीसा का बोट? तर म्हणलं, न्हाई गं, काय सुदिक झालं न्हाई. आज घावलं बघा."

डोळे पुसले आणि हसायला लागली. गोळा पिशवीत टाकला. मी ती जागा नीट भरली, दोन दिवस थांबलो, परत सगळी बोट वाजवली आणि कागदावर सही केली. पास.

वाटलं, झालं काम. पण खरं तिथनं पुढंच आहे.

बोट पाण्यात सोडली आणि तिच्यात कुणी बसेना. भेगा किरकोळ, म्हणून त्या भरायचं काम दिवाळीनंतर ठेवलेलं. खडू धुतला तरी प्रत्येक गोलाचा डाग राहिलेला. लोक यायचे, बोटीकडं बघायचे आणि शेजारच्या बोटीत चढायचे. गुरुजी, ज्यांना तिनं वाचवून आणलं तेच गुरुजी, म्हणाले, "आक्का, राग मानू नको, घरी बारकी पोरं हायत." मी जेटीवर उभा राहून जेलकोट म्हणजे काय, गिलावा म्हणजे काय ते समजावत होतो. लोक माना डोलवायचे आणि दुसरीकडं जायचे.

"तुमी गोल काढलासा म्हणून तर भेगा दिसाय लागल्या," आक्का म्हणाली. तिच्या हातात माझा कागद होता. तो तिनं घडी घालून माझ्याच खिशात ठेवला. "हे ऱ्हाऊ दे. पास हाय म्हणतासा न्हवं? मग तुमच्या घरातलं माणूस आणून बसवा."

सगळी जेटी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, मी बसतो की. आक्का म्हणाली, "तुमी तर बसणारच, सही तुमची हाय."

आता माझी अडचण ऐका. सुनंदा, माझी बायको, हिला महापुरात माळ्यावरनं बोटीत उतरवलेलं. घरात छातीएवढं पाणी. त्या दिवसापासनं ती घाटावर पाय धुवायलासुद्धा जात नाही. नवरा बोटी करतो आणि बायको बोटीत बसत नाही, ह्यावरनं पाहुण्यांत माझी किती चेष्टा झालीय ते मलाच ठाऊक. मी तिला फोन केला. आक्काची सगळी गोष्ट सांगितली.

"ती बाई एकटीच चालवती?" तिनं विचारलं.

"एकटीच."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनंदा आली. सांगलीहून सातारा, साताऱ्याहून मेढा, तिथनं वडापच्या जीपमधनं. हातात करंज्यांचा डबा. जेटीवर वाड्यांतली पंचवीस-तीस माणसं जमलेली, गुरुजी पण. सुभेदार रजिस्टर घेऊन उभे. आक्का बोटीत, इंजिनाच्या दोरीवर हात ठेवून.

सुनंदा काठावर येऊन थांबली. पाण्याकडं बघितलं. एक पाय पुढं टाकला, परत मागं घेतला. मी पुढं होऊन म्हटलं, "बस, काय होत न्हाई. मी सगळी बोट वाजवून बघितलीया."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग डबा आक्काकडं दिला, माझ्या खिशात हात घातला आणि पाच रुपयाचं नाणं काढलं.

वाकून बोटीवर वाजवलं. कान देऊन ऐकलं.

मग सरळ उभी राहिली आणि तेच नाणं माझ्या टाळक्यावर वाजवलं. परत कान देऊन ऐकलं.

"बोट चांगली हाय," म्हणाली आणि पदर सावरून आत जाऊन बसली. तिच्या मागोमाग गुरुजी चढले.